विद्यापीठाची वेबसाइट स्कॅनरखाली घातली: एक लाख चुका, पुढे काय?

सर्व्हररूम | ९ जून २०२५, रात्री ११.४०

मंडळी, मी महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठाच्या संगणक विभागात आहे. कुठल्या ते विचारू नका, अजून कर्ज फेडायचंय.

मागच्या महिन्यात वरून पत्र आलं. 'आपले संकेतस्थळ दिव्यांगांसाठी सुगम्य असल्याबाबतचा अहवाल पंधरा दिवसांत सादर करावा.' साहेब म्हणाले, "एखादं टूल चालव आणि प्रिंट काढून आण." मीही म्हटलं, एका रात्रीचं काम आहे.

अ‍ॅक्स नावाचं एक फुकट, ओपन सोर्स इंजिन आहे. साइटमॅपमधल्या पत्त्यांची यादी त्याला दिली की ते एकेक पान ब्राउझरमध्ये उघडतं, नियम लावून बघतं आणि चुका लिहून ठेवतं. चित्राला ऑल्ट मजकूर (म्हणजे चित्राचं शब्दांतलं वर्णन) आहे का, फॉर्ममधल्या चौकटीला लेबल आहे का, अक्षर आणि पार्श्वभूमी यांचा कॉन्ट्रास्ट किमान साडेचारास एक आहे का, वगैरे. संध्याकाळी लावून घरी गेलो. सकाळी आलो तर पानं साधारण ३,४०० आणि चुका एक लाखाच्या वर.

साहेबांना आकडा सांगितला तर ते खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "हा प्रिंट काढू नकोस."

मग चुका प्रकारानुसार लावल्या. प्रकार जेमतेम पंधरा निघाले. सगळ्या पानांचं डोकं एकच आहे: विद्यापीठाचं बोधचिन्ह, शोधाचं बटण, सोशल मीडियाची चिन्हं. त्या एका फायलीत नऊ चुका होत्या. नऊ गुणिले ३,४०० म्हणजे तीस हजार सहाशे. नऊ ओळी दुरुस्त केल्या, चहा पिऊन पुन्हा स्कॅन लावला, तीस हजार गायब. आयुष्यात एवढी उत्पादकता मी कधी अनुभवली नव्हती.

त्यानंतर रंग. केशरी पट्टीवर पिवळी अक्षरं होती, आणि ती सरकत होती. शेजारी 'नवीन' असं लुकलुकणारं चित्र, जे २०१४ पासून नवीन आहे. तेही काढलं. आठवड्याभरात आकडा आठ हजारांवर आला.

आता प्रश्न असा: हे आठ हजार शून्यावर आणले की साइट सुगम्य झाली असं लिहून द्यायचं का? सही माझी असणार आहे, म्हणून विचारतोय. शिवाय साइटवर पाच हजारांवर पीडीएफ आहेत. त्यांना या स्कॅनरने हातच लावलेला नाही.

---

नमनाला_घडाभर | १० जून, सकाळी ८.०५

लिहून द्या आणि मोकळे व्हा. असल्या पत्रांची उत्तरं कोण वाचतं? आणि खरं सांगा, तुमच्या विद्यापीठात पूर्ण दृष्टिहीन विद्यार्थी किती? चार-पाच? त्यांच्यासाठी एक माणूस नेमा फोनवर. स्वस्तात पडेल.

---

गेरू | १० जून, सकाळी ९.२०

ती केशरी-पिवळी सरकती पट्टी काढली त्याबद्दल समस्त डिझायनर जमातीतर्फे नारळ आणि शाल.

---

कानसेन | १० जून, सकाळी १०.३२

सर्व्हररूम, मी जन्मापासून पाहू शकत नाही. बँकेत आहे, त्याआधी सात वर्षं विद्यापीठाच्या साइटवर काढली आहेत (तुमच्याच की दुसऱ्या कुठल्या, ते जाऊ द्या, सगळ्या चुलत बहिणी आहेत). एनव्हीडीए वापरतो. फुकट आहे, ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध मुलांनी २००६ मध्ये सुरू केलेला स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून ऐकवणारं सॉफ्टवेअर.

तुमच्या नऊ ओळींचं मनापासून कौतुक. पूर्वी प्रत्येक पानावर आधी ऐकायला यायचं: "लिंक, ग्राफिक, लिंक, ग्राफिक, बटण, लिंक." कसलं बटण, कसली लिंक, पत्ता नाही. दिवसातून दोनशे वेळा ऐका म्हणजे कळेल. पण त्याने माझं काम अडायचं नाही. वैताग यायचा, वेळ जायचा, इतकंच.

अडायचं ते वेगळीकडे. तीन प्रसंग सांगतो.

परीक्षेच्या अर्जाच्या शेवटी कॅप्चा. वाकडी अक्षरं असलेलं चित्र, शेजारी ऐकण्याची सोय नाही. त्या चित्राला ऑल्ट मजकूर मात्र होता: 'कॅप्चा'. तुमचा स्कॅनर तिथे हिरवी खूण करणार. चित्र आहे, मजकूर आहे, नियम पाळला. मी मात्र दर सहामाहीला खालच्या मजल्यावरच्या काकूंना बोलवायचो, आणि माझा पासवर्ड सगळ्या इमारतीला पाठ होता.

दुसरा, निकाल. गुणांचं कोष्टक होतं, पण रकान्यांना शीर्षकं नुसती ठळक अक्षरात लिहिलेली, शीर्षक म्हणून नोंदवलेली नाहीत. मग ऐकू यायचं: "सत्तावीस. अडतीस. ए बी. एकेचाळीस." यातलं काय कशाचं? तोंडीचे की लेखीचे? गैरहजर कशाला? मी एकदा दोन दिवस नापास होतो.

तिसरा, वेळापत्रक. ती पीडीएफ. तिच्यावर वेगळा लेख लिहावा लागेल.

आणि घडाभरराव, मला फोनवरचा माणूस नको होता. मला माझा अर्ज रात्री दोन वाजता, बाकीच्या पोरांसारखा, शेवटच्या क्षणी भरायचा होता.

---

शेवटचा_बाक | १० जून, सकाळी ११.१५

+१०० त्या शेवटच्या वाक्याला.

मला दिसतं व्यवस्थित. पण मागच्या वर्षी उजवा हात प्लास्टरमध्ये होता, माउस धरता येत नव्हता. टॅबची कळ दाबत दाबत अर्ज भरायला गेलो तर जन्मतारखेच्या कॅलेंडरमध्ये शिरलो आणि बाहेरच येईना. टॅब दाबला की पुढचा महिना. २००४ पासून २०३१ पर्यंत गेलो. आमच्या वर्गात त्याला 'चक्रव्यूह' म्हणतात. हे स्कॅनरला सापडतं का?

---

सर्व्हररूम | १० जून, दुपारी १.५०

नाही सापडलं. आत्ता त्या पानाचा अहवाल उघडून बघितला. अर्जाच्या पानावर शून्य चुका आहेत. शून्य! मी ते पान साहेबांना नमुना म्हणून दाखवलं होतं.

---

ओहायोकर | १० जून, रात्री ८.१० (इथली सकाळ)

इकडे एका सरकारी विद्यापीठात मी गेली बारा वर्षं हेच करतोय, म्हणून लांबण लावतो.

अमेरिकेत एप्रिल २०२४ मध्ये न्याय खात्याने नियम पक्का केला. राज्य आणि स्थानिक सरकारांच्या, म्हणजे सरकारी विद्यापीठांच्याही, साइट आणि अ‍ॅप डब्ल्यूसीएजी २.१ (वेब सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकष) च्या 'डबल ए' पातळीला उतरल्या पाहिजेत. तेव्हा मोठ्यांना मुदत दिली एप्रिल २०२६ ची. त्यामुळे आमच्याकडे सध्या लग्नघर आहे. जो तो स्कॅनर विकत घेतोय.

त्या डबल ए पातळीत एकूण पन्नास निकष आहेत. त्यातले कितीतरी निकष यंत्राला एकट्याने तपासताच येत नाहीत. चित्राला मजकूर आहे हे यंत्र सांगेल, तो मजकूर खरा आहे का हे माणूसच सांगेल. ब्रिटनच्या सरकारी डिजिटल विभागाने २०१७ मध्ये मुद्दाम एक भयंकर पान बनवलं, त्यात सुमारे १४० अडथळे पेरले आणि बाजारातली टूल्स त्यावर सोडली. सर्वांत चांगल्या टूललाही चाळीस टक्क्यांच्या आसपासच सापडले. सगळ्या टूल्सची बेरीज केली तरी तीसएक टक्के अडथळे कुणालाच दिसले नाहीत. २०१९ मध्ये एका वेब डेव्हलपरने याच्या उलट गंमत केली. गूगलच्या लाइटहाउस या तपासणी टूलमध्ये सुगम्यतेचे शंभरपैकी शंभर मिळवणारं पान बनवलं, जे ना कीबोर्डने चालतं, ना स्क्रीन रीडरने, ना धड डोळ्यांनी.

याचा अर्थ स्कॅनर टाकून द्या असा नव्हे. युटा राज्य विद्यापीठातला वेबएम हा गट दरवर्षी दहा लाख मुखपृष्ठं स्कॅन करतो. २०२५ च्या पाहणीत ९४.८ टक्के पानांवर यंत्रालाही दिसतील अशा चुका होत्या. सगळ्यात जास्त आढळणारी चूक फिकट अक्षरांची, ७९ टक्के पानांवर. म्हणजे जे यंत्राला दिसतं तेसुद्धा जग दुरुस्त करत नाही. तुमची एक रात्र वाया गेलेली नाही.

पण एक सांगतो, गुणांच्या मागे लागू नका. आमच्या स्कॅनरमध्ये प्रत्येक विभागाला शंभरपैकी गुण मिळतात आणि दर महिन्याला डीन मंडळींसमोर यादी लागते. एका विभागाचे गुण एकदम ७१ वरून ९३ वर गेले. आम्ही पेढे वाटायच्या बेतात. नंतर कळलं, त्यांनी जुनी पानं स्कॅनरला दिसणार नाहीत अशी सोय करून ठेवली होती. विद्यार्थ्यांना ती पानं तशीच दिसत होती. निरीक्षक येणार म्हणून कच्च्या मुलांना घरी पाठवायची आमच्या शाळेची पद्धत होती, तीच इथे भेटली.

---

नमनाला_घडाभर | १० जून, रात्री ९.००

मग त्या साइटच्या कोपऱ्यात निळा माणूस येतो ना, हात पसरलेला, तो बसवा. एक ओळ कोड, वर्षाला थोडे पैसे, 'कृत्रिम बुद्धिमत्तेने साइट आपोआप सुगम्य'. जाहिरात रोज येते मला.

---

ओहायोकर | १० जून, रात्री ९.२५

अशाच एका कंपनीला, अ‍ॅक्सेसीबीला, इथल्या फेडरल ट्रेड कमिशनने याच वर्षी दहा लाख डॉलर भरायला लावले. आपलं साधन कुठलीही साइट डब्ल्यूसीएजीनुसार करून देतं हा दावा दिशाभूल करणारा आहे असं आयोगाचं म्हणणं. निळ्या माणसापासून लांब राहा.

---

कानसेन | १० जून, रात्री ९.३१

निळा माणूस आला की मी आधी तो बंद कसा करायचा ते शोधतो. माझ्या स्क्रीन रीडरला मी माझ्यासारखा शिकवलेला असतो आणि हा मध्येच येऊन "मी मदत करू का" म्हणतो. रस्ता ओलांडताना न विचारता दंड धरणाऱ्या सद्गृहस्थांची आठवण येते.

---

कलमबहाद्दर | ११ जून, सकाळी ७.४५

'अहवाल कोण वाचतं' या मुद्द्यावर थोडं कायद्याचं.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. त्याखाली २०१७ चे नियम, त्यातला नियम १५. संकेतस्थळं केंद्र सरकारच्या वेबसाइट मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे हवीत, आणि त्यावरचे दस्तऐवज ईपब (ई-पुस्तकाची फाइल) किंवा ओसीआर केलेल्या, म्हणजे चित्रातली अक्षरं यंत्राने ओळखून मजकूर केलेल्या, पीडीएफच्या स्वरूपात हवेत. म्हणजे सर्व्हररूम, ज्या पाच हजार पीडीएफना तुमच्या स्कॅनरने हात लावला नाही, त्यांचा उल्लेख नियमात थेट आहे.

८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नियम १५ नुसता शिफारसवजा राहून चालणार नाही, कायद्याला बंधनकारक किमान निकष अपेक्षित आहेत. आणि ३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा राज्यघटनेच्या कलम २१ च्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तिथे प्रश्न ई-केवायसीचा, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणीचा होता: अ‍ॅसिड हल्ल्यात डोळ्यांना गंभीर इजा झालेल्या बाईला कॅमेऱ्यासमोर पापणी लवून दाखवा म्हणायचं.

तेव्हा सही करताना 'अमुक टूलने, अमुक तारखेला, अमुक इतकी पानं तपासली, पीडीएफ व अर्ज हाताने तपासायचे बाकी' असं लिहा. 'सुगम्य आहे' हे दोन शब्द लिहू नका.

---

सर्व्हररूम | ११ जून, सकाळी ११.१०

मसुदा तसाच केला. साहेबांनी 'बाकी' हा शब्द खोडून 'प्रगतिपथावर' केलं. चालेल म्हटलं.

आता पीडीएफ. एक विचार असा आहे की २०१८ च्या आधीच्या सरळ काढून टाकाव्यात. कोण बघतंय जुनी परिपत्रकं?

---

ओहायोकर | ११ जून, संध्याकाळी ६.४०

थांबा, थांबा. याच वाटेने बर्कली गेलं आहे.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीने हजारो व्याख्यानांच्या चित्रफिती जगासाठी फुकट ठेवल्या होत्या. गॅलॉडेट या बधिरांच्या विद्यापीठातल्या दोन कर्मचाऱ्यांनी तक्रार केली की उपशीर्षकं नाहीत, किंवा आहेत ती धड नाहीत. न्याय खात्याने २०१६ मध्ये विद्यापीठाला पत्र धाडलं. २०१७ मध्ये बर्कलीने काय केलं? वीस हजारांवर चित्रफिती लोकांसाठी बंदच करून टाकल्या. ऐकू येणारे आणि न येणारे, दोघेही उपाशी. प्रकरण मिटायला २०२२ उजाडलं, आणि शेवटी उपशीर्षकं द्यायचं कबूल करावंच लागलं.

इथल्या नव्या नियमात जुन्या साठ्याला सवलत आहे, पण तो वेगळा, अभिलेख म्हणून ठेवायचा आणि त्यात बदल करायचे नाहीत. कुणी मागितलं तर त्याला वाचता येईल अशा रूपात द्यावं लागतंच. तुमच्याकडेही 'जुनं' असं फलक लावून वेगळं ठेवा. पदवी पडताळणीला वीस वर्षांपूर्वीचं परिपत्रक लागतं हो. मला स्वतःला लागलं होतं.

---

जुळारी | ११ जून, रात्री १०.०५

मी वयाने मोठा, तुमच्या कोडातलं काही कळत नाही. पण कोल्हापुरात तीस वर्षं छापखाना होता, आधी खिळे जुळवले, मग डीटीपी. पीडीएफचा विषय निघाला म्हणून लिहितो.

सर्व्हररूम, तुमच्या परिपत्रकांपैकी एक उघडा, स्कॅन केलेलं नव्हे, टाइप केलेलं. माउसने दोन ओळी निवडा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. काय दिसतं सांगा.

---

सर्व्हररूम | ११ जून, रात्री १०.२०

इंग्रजी अक्षरं, कंस, अवतरणचिन्हं. कचरा. पण पडद्यावर तर सुंदर मराठी दिसतंय!

---

जुळारी | ११ जून, रात्री १०.५५

तेच म्हणतो. ते मराठी नाहीच. ते इंग्रजी अक्षरांना घातलेले मराठी कपडे आहेत.

कृतीदेव, श्रीलिपी, शिवाजी, सुरेख, एपीएस. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधी आम्ही सगळे याच फाँटांवर जगलो. त्यांची युक्ती अशी: इंग्रजी 'ई'च्या जागी 'म'चं चित्र बसवायचं, 'जी'च्या जागी 'ह'चं, 'के'च्या जागी काना. कृतीदेवात 'परीक्षा' टाइप केलं की संगणकाच्या पोटात जातं 'आय, जे, एच, महिरपी कंस, के, के'. छापून काढायचं असेल तर कुणाचं काही बिघडत नाही, कागदाला पोट नसतं. आणि दर फाँटाची जुळणी वेगळी, एकाचा मजकूर दुसऱ्यात टाकला की शिमगा.

आता हे पान कानसेनांच्या यंत्राने वाचलं तर काय ऐकू येईल?

---

कानसेन | ११ जून, रात्री ११.१२

"आय जे एच लेफ्ट ब्रेस के के." अगदी हेच. बी.ए.च्या पहिल्या वर्षी मला वाटलं माझा संगणक बिघडलाय. दुरुस्तीवाल्याने पुन्हा विंडोज टाकून दिलं, वर पैसे घेतले.

जुळारीकाका, तुम्ही हे सांगितलंत त्याबद्दल नमस्कार. इतकी वर्षं मला त्याचं कारण कुणी सांगितलं नव्हतं.

---

गेरू | १२ जून, सकाळी ९.००

यातली मेख लक्षात येतेय का? पीडीएफ तपासणारं टूलसुद्धा अशा फायलीला पास करेल. मजकूर आहे? आहे. चित्र नाही? नाही. भाषा नोंदवली आहे? 'इंग्रजी' म्हणून आहे. सगळं हिरवं. इंग्रजीत असा अडथळा क्वचितच येतो, त्यामुळे टूल बनवणाऱ्यांच्या स्वप्नातही तो नाही.

भाषेचंही तसंच. पानाच्या कोडात भाषा लिहायची असते, मराठीसाठी 'एम आर'. नसेल तर स्कॅनर ओरडतो. पण संपूर्ण मराठी पानावर 'ई एन' लिहिलं तर चूप. भाषा लिहिली आहे ना, मग झालं.

---

कानसेन | १२ जून, सकाळी ९.४०

बरोबर. 'ई एन' लिहिलेलं असलं की माझा स्क्रीन रीडर इंग्रजी आवाज लावतो. काही इंग्रजी आवाज देवनागरी आली की सरळ गाळतात. पान उघडतं, शांतता. मौनव्रत. मी समजतो पान रिकामं आहे. आणि 'एच आय' लिहिलं तर हिंदी आवाज मराठी वाचतो. कळतं, पण 'च' आणि 'ज' ऐकून मराठीच्या बाई आठवून रडू येतं.

---

सर्व्हररूम | १५ जून, रात्री १२.३०

तीन दिवस गायब होतो. घरच्यांशी बोलणं बंद आहे, पण एक गोष्ट तयार झाली.

जुळारीकाकांची नोटपॅडची चाचणी मी कोडात उतरवली. छोटीशी स्क्रिप्ट आहे. प्रत्येक पीडीएफमधून मजकूर काढायचा. काहीच निघालं नाही तर ती निव्वळ फोटो. निघालं, तर त्यात युनिकोडमधली देवनागरी अक्षरं किती ते मोजायचं. देवनागरी नाही, ओळखीचे इंग्रजी शब्दही नाहीत, वर कंसांचा आणि चिन्हांचा सुळसुळाट, म्हणजे जुना फाँट. उरलेल्या बऱ्या.

निकाल: निम्म्याहून जास्त फोटो. उरलेल्यातल्या बऱ्याचशा जुन्या फाँटात. 'बऱ्या' म्हणाव्यात अशा पाचातली एक. अ‍ॅक्सच्या अहवालात यातलं काहीच नव्हतं. आठ हजार चुका मी फिकट रंगात आणि मथळ्यांच्या क्रमात शोधत बसलो होतो, आणि विद्यापीठ जे काही बोलतं ते सगळं इथे पडलेलं.

स्क्रिप्ट हवी असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, फुकट आहे.

---

कानसेन | १५ जून, सकाळी ७.५०

तुमच्या 'बऱ्या' ढिगातल्या दहा फायली पाठवल्या होत्यात, त्या ऐकल्या. चार ठीक. बाकीच्या सहांमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येते आणि जोडाक्षरं फुटलेली आहेत. 'विद्यापीठ' ऐकताना आधी एक हुंकार, मग 'वद', मग खोकला, मग 'यापीठ'.

---

जुळारी | १५ जून, सकाळी ८.३०

ते पीडीएफ बनवताना होतं. फाँट युनिकोडच असतो, पण काही सॉफ्टवेअरं पीडीएफमध्ये अक्षरांची चित्रं ठेवतात आणि कुठलं चित्र म्हणजे कुठलं अक्षर हा तक्ता नीट लिहीत नाहीत. वेलांटी दिसते आधी म्हणून आधी ठेवतात. मूळ फाइल असेल तर दुसऱ्या रस्त्याने पीडीएफ करून बघा, नाहीतर मजकूर सरळ वेब पानावर टाका.

---

सर्व्हररूम | १५ जून, सकाळी ११.००

स्क्रिप्टमध्ये हेही घालतो: शब्दाच्या सुरुवातीलाच वेलांटी किंवा मात्रा दिसली की लाल खूण. मराठीत शब्द काना-मात्रेने सुरू होत नाही, त्यामुळे पकडणं सोपं आहे.

---

शेवटचा_बाक | १५ जून, सकाळी ११.२०

काका, दादा, एक बावळट प्रश्न. परिपत्रक संगणकावरच टाइप होतं ना? मग त्याचा फोटो का होतो?

---

सर्व्हररूम | १५ जून, दुपारी २.१५

बावळट अजिबात नाही. हाच प्रश्न घेऊन मी काल आस्थापना विभागात जाऊन बसलो.

टंकलेखिका बाई परिपत्रक टाइप करतात. प्रिंट निघते. ती कुलसचिवांकडे जाते, सही होते. जावक क्रमांक पडतो, गोल शिक्का बसतो. मग शिपाई तो कागद झेरॉक्स मशीनवर ठेवून स्कॅन करतो आणि ती फाइल माझ्याकडे येते, बहुधा तिरकी. सही-शिक्क्याशिवाय परिपत्रक खरं नाही, आणि सही-शिक्का कागदावरच होतो. मूळ टाइप केलेली फाइल बाईंच्या संगणकात, 'नवीन फोल्डर ७' मध्ये.

बाईंशी बोललो. त्या म्हणाल्या, "युनिकोड मला जमणार नाही, माझी बोटं टाइपरायटरवर बसलेली आहेत." त्यांना वाटत होतं युनिकोड म्हणजे इंग्रजी स्पेलिंग करून मराठी लिहायचं. रेमिंग्टन मांडणीचा कीबोर्ड युनिकोडमध्येही मिळतो म्हटल्यावर बसवून दिला. दहा मिनिटांत सुरू झाल्या. "हे एवढंच होतं का?" वीस वर्षांत त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. निवृत्तीला दोन वर्षं आहेत.

कुलसचिवांना विनंती केली आहे: सही-शिक्क्याची प्रत राहू द्या, पण सोबत तोच मजकूर वेब पानावर अक्षरांत टाकायची परवानगी द्या. फाइल गेली आहे. 'विधि विभागाचे अभिप्राय घ्यावेत' असा शेरा येईल असं सगळे म्हणतात.

जुन्या फोटो-पीडीएफसाठी टेसरॅक्ट हे ओसीआरचं टूल वापरून बघतोय, त्यात मराठीची सोय आहे. स्वच्छ प्रतींवर बरं काम करतं. जिथे शिक्का नेमका तारखेवर बसलाय तिथे हात टेकतं. म्हणून पाच हजार एकदम नाही. गेल्या दोन वर्षांतली प्रवेश, परीक्षा, शिष्यवृत्ती, वसतिगृह एवढीच आधी, आणि तारखा माणसाने वाचून.

---

कलमबहाद्दर | १५ जून, दुपारी ३.००

विधि विभागाने अडवलं तर नियम १५ ची प्रत जोडा. 'ओसीआर' हा शब्द अधोरेखित करून.

---

नमनाला_घडाभर | १५ जून, रात्री ८.४५

मी गप्प बसून वाचतोय सगळं. आमच्या सोसायटीची नोटीस नोटपॅडात चिकटवून बघितली. के जे के के निघालं. सेक्रेटरी मीच आहे.

व्यनि केला आहे. स्क्रिप्ट पाठवा.

---

सर्व्हररूम | २३ जून, रात्री १०.१०

धागा वर काढतोय, हिशेब द्यायला.

कॅलेंडरचा चक्रव्यूह गेला. दिवस, महिना, वर्ष अशा तीन साध्या याद्या केल्या. तपासायला माउस काढून कपाटात ठेवला आणि सगळा अर्ज टॅबने भरला, तर आणखी दोन खड्डे सापडले. निकालाच्या कोष्टकाला खरी शीर्षकं दिली. पानांची भाषा 'एम आर' केली, इंग्रजी परिच्छेदांना वेगळी. कॅप्चा काढायला परीक्षा विभाग तयार नव्हता, शेवटी मोबाइलवर ओटीपी यावर तडजोड झाली. पंधरा सेकंदांत संपणारा होता, पाच मिनिटांचा करून घेतला.

अ‍ॅक्स आता दर रविवारी रात्री आपोआप चालतो, आणि पीडीएफची स्क्रिप्ट फाइल चढवतानाच. जुना फाँट किंवा निव्वळ फोटो असेल तर ती फाइल अडवत नाही, विचारते: "मजकुराची प्रत जोडली का?" अडवलं असतं तर दुसऱ्या दिवशी माझीच बदली झाली असती.

आणि वेळापत्रक या वेळी पीडीएफसोबत वेब पानावर कोष्टक म्हणून गेलं. विधि विभागाचा अभिप्राय यायचा आहे, पण वेळापत्रकावर सही नसते असं बाईंच्याच लक्षात आलं.

---

कानसेन | २३ जून, रात्री १०.४८

वेळापत्रक ऐकलं. "सोमवार, सकाळी साडेदहा, मराठी, पेपर पहिला." सरळ, एका दमात. माझी परीक्षा संपून नऊ वर्षं झाली तरी दोनदा ऐकलं.

एक चूक आहे. गुरुवारी भूगोल दोन वेळा लिहिलाय.

---

सर्व्हररूम | २३ जून, रात्री १०.५५

अरे देवा. हे ना यंत्राला सापडलं ना आम्हाला. परीक्षा विभागाला फोन लावतो.

---

सर्व्हररूम | २४ जून, दुपारी १२.२०

शुद्धिपत्रक निघालं. परीक्षा विभागाने प्रिंट काढली, सही केली, शिक्का मारला, स्कॅन केलं आणि चढवलं. तिरकं.

---

जुळारी | २४ जून, दुपारी १२.३१

कुठल्या बाजूला?

---

कानसेन | २४ जून, दुपारी १२.३३

आणि शिक्का कशावर बसलाय? भूगोलावर नाही ना?